न्हाणीचं दार

रविवारी सकाळी रुचिता न्हाणीत आंघोळीला बसली होती आणि बाहेरून कुणीतरी दार ढकललं. दार उघडलंच. वरची बिजागरी खिळखिळी होऊन ते केव्हाचं खाली लोंबलं होतं, कडी कोयंड्यात बसायचीच नाही. रुचिताने किंचाळून अंगावर टॉवेल ओढला. दारात ऋतिक, नवऱ्याचा मित्र, पाय धुवायला आलेला. तो ओशाळून मागे फिरला. पाठोपाठ अंगणातून हशा ऐकू आला, आणि त्यात प्रणितचाही आवाज होता. तिच्या नवऱ्याचा.

"एवढी कशाला तापतेस गो?" तो नंतर म्हणाला. "दार लागत नाय हे तुला म्हायती हाय ना? आतून आवाज द्यायचा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आल्यापासून ती सांगत होती, दार बघा. दरवेळी एकच उत्तर, बघू. मॅचेस खेळायला पार मुरबाडपर्यंत जायला याला टाइम होता.

कपडे करून ती त्याच रागात रिक्षाने शहापूरला हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"मिस्त्रीला पाठवा ताई, तो बरोबर नेईल," दुकानदार म्हणाला.

"मलाच द्या. लांब स्क्रू द्या, जुने धरत नायत."

घरी येऊन तिने लोंबलेल्या दाराखाली पाचर ठोकून ते वर उचललं. बिजागरीचे स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. चौकटीतली भोकं झिजून मोठी झाली होती. तिने कोयत्याने बांबूच्या काड्या तासल्या, फेविकॉलमध्ये बुडवल्या आणि भोकांत ठोकून बसवल्या. एकेक घाव असा, की कोंबड्या पडवीतून पळाल्या.

सासू, जनी, ओट्यावरून बघत होती. "बाप्यांची कामं ती."

"बाप्ये हसतायत, आय. तुमी दार धरा."

जनी उठली. दाराला खांदा लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी पन एक पाय दाराला लावूनच आंघोळ करायची गो."

"मग बोललात का नाय?"

"कोनाला बोलू?"

रुचिताला सासूचाही राग आला, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली. ती नुसती पुढची काडी ठोकत राहिली.

फेविकॉल सुकल्यावर जनीने पुन्हा दार धरलं आणि रुचिता नवे स्क्रू आवळू लागली, तेवढ्यात प्रणित आला. "दे इकडं, मी आवळतो."

"हात लावू नका."

"अगो, मदत करतोय ना!"

"मदत करायचीय? ऋतिकला फोन लावा. सांगा, आमच्या घरात शिरताना हाक मारायची. आनि माजी माफी मागायला ये म्हनून सांगा."

"सांगीन उद्या."

"आत्ता. माज्यासमोर."

त्याने आईकडे पाहिलं. जनी दार सोडून पुढे आली. "लाव फोन. आनि तू हसलास ते चुकलं, ते पन सांग त्याला."

प्रणितने मान खाली घालून फोन लावला. रुचिता शेवटचा स्क्रू आवळत एकेक शब्द ऐकत होती. राग काही उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिला घाईही नव्हती.