शेपटीवाल्याची गॅलरी

ट्रान्सफॉर्मर एवढा अगडबंब होता की त्याचं नाक चौकात पोचलं तरी शेपूट अजून कारखान्याच्या फाटकात चहा पीत होतं. खोटं वाटत असेल तर वाटेवरच्या बायकांना विचारा. त्याची सावली सरकेपर्यंत त्यांचे कपडे वाळले नव्हते.

तो वाहणाऱ्या गाडीला माणसं दोन. पुढे ड्रायव्हर, आणि पार मागे, मागची चाकं वळवायला, शेपटीवाला. शेपटीवाल्याच्या केबिनसमोर नुसती लोखंडी भिंत. रस्ता दिसायचाच नाही. वॉकीटॉकीवर ड्रायव्हर सांगेल तसं स्टिअरिंग फिरवायचं. शेपटीवाला ड्रायव्हरवर टाकतो तेवढा विश्वास लोक देवावरही टाकत नसतील. हा ड्रायव्हर तर घरचाच, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

उभा जन्म लोखंडाची पाठ बघण्यात गेला, म्हणून शेपटीवाल्याने घराला पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली होती. विटा स्वतः वाहिल्या, निळा रंग स्वतः लावला. निवृत्त झाल्यावर तिथे खुर्ची टाकायची आणि माणसं समोरून येताना बघायची, एवढीच त्याची हौस. मेहुण्याचं नवं घर रस्त्यापलीकडे, अगदी समोर. त्यालाही गॅलरी. आणि हे धूड नेमकं त्याच वळणावरून जायचं होतं.

पाहणीला आलेल्या इंजिनियरने डोकं खाजवलं. एक गॅलरी तरी जाणार, कुठली ते तुम्ही आपसात ठरवा, असं म्हणून तो मोकळा झाला. शेपटीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन्ही वाचवतो, दाजी. तुम्ही फक्त माझं ऐका."

दाजींनी ऐकलं. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

सकाळी रस्ता मोकळा केला होता. वळण आलं. "डावीकडे घ्या, दाजी. अजून. अजून थोडं." आवाज नेहमीसारखाच, लोण्यात घोळवलेला. शेपटीवाल्याने स्टिअरिंग फिरवलं. वर काहीतरी कुरकुरलं, मग केबिनच्या टपावर विटांचा सडा पडला. एक तुकडा दारातून आत येऊन त्याच्या पायाशी थांबला. निळा.

तो खाली उतरला. त्याच्या गॅलरीच्या जागी भोक होतं. समोर मेहुण्याची गॅलरी शाबूत. तिच्या कठड्यावर वाळत घातलेला बनियनसुद्धा हलला नव्हता.

भोकातून आतली खोली दिसत होती. बायको उभी होती. तिच्यामागे भिंतीला लागून गॅलरीतल्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, शेजारी खुर्ची घडी करून ठेवलेली.

"कुंड्या आत कधी घेतल्यास?" त्याने रस्त्यावरूनच विचारलं.

"तुम्ही निघाल्यावर." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "त्याचं घर नवीन आहे हो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही वळवलं असतं का?"

शेजारीपाजारी तर दारात स्टुलं टाकून बसले होते. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याला.

शेपटीवाला मागे फिरला. केबिनमध्ये जाऊन बसला. पुढचं वळण आलं.

"उजवीकडे घ्या, दाजी."

चाकं हलली नाहीत. मेहुण्याने पुन्हा सांगितलं, मग विनवलं.

"मला दिसत नाही," शेपटीवाला म्हणाला. "उतरून ये आणि दाखव."

मेहुणा ती सगळी लांबी चालत मागे आला, बोटाने दाखवलं, चालत पुढे गेला. गाडी वीतभर सरकली आणि थांबली. पुन्हा उतरून ये. असं प्रत्येक वळणावर, शहराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणतात की मेहुण्याच्या बुटांचे तळ वाटेतच झिजून गेले, आणि ट्रान्सफॉर्मर पोचला तेव्हा त्याची वाट बघणाऱ्या तारांवर चिमण्यांच्या नातवंडांनी संसार थाटले होते.

शेपटीवाला आता निवृत्त आहे. त्या भोकाला दार तेवढं बसवलंय, उघडलं की पुढे हवा. तो तिथेच खुर्ची टाकून बसतो. मागून बायको म्हणते, चहा ठेवलाय. तो आधी मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि मगच हात पुढे करतो.