पिवळी रेघ

नटावरची पिवळी रेघ सरळ होती. जरा जास्तच सरळ.

ट्रकखाली फळीवर पाठ टेकून ती टॉर्चच्या उजेडात तो नट न्याहाळत होती. स्टिअरिंगचा डबा चासीला ज्या चार बोल्टांनी धरलेला असतो, त्यांतला हा खालचा. रेघ नटाच्या कडेवरून निघून बोल्टाच्या टोकावर गेलेली, काडीपेटीतल्या काडीएवढी जाड. आजूबाजूला सगळीकडे तेलकट धूळ बसली होती, रेघेवर मात्र ती नावाला होती. तिने बोटाला चिंधी गुंडाळून रेघेची कड पुसली. तेव्हा खाली दुसरी रेघ दिसली. जुनी, विटलेली. ती अखंड नव्हती. तिचा अर्धा तुकडा नटावर होता, अर्धा बोल्टावर, आणि दोहोंमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं.

म्हणजे नट फिरला होता, सैल झाला होता. आणि कुणीतरी तो न आवळताच वरून नवी रेघ ओढून ठेवली होती.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नळीतल्या पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून वाचण्यात तिची अर्धी नोकरी गेली होती. त्यामुळे एवढं कळायला तिला वेळ लागला नाही. पण ते कळण्याच्या आधी एकच गोष्ट तिच्या मनात येऊन गेली होती: तो येऊन गेला.

पिवळी रेघ त्याची होती. तिच्या नवऱ्याची.

चौघांचा हा जुना नियम. तो, वेल्डर, मास्तर आणि ती. तिघा मित्रांचे तीन जुने फोर-बाय-फोर ट्रक, वर्षातून एकदा खडकांच्या वाटेवरची सहल, आणि त्याआधी वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये डागडुजी. ज्याने नट आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची. नट हलला की रेघ तुटते आणि डोळ्याला लगेच दिसते. वेल्डरची लाल, मास्तरांची पांढरी. त्याला रंग सापडला तिच्या नेलपॉलिशमध्ये. हौसेने आणलेली पिवळी बाटली, तिला स्वतःच्याच नखांवर आवडली नाही आणि त्याने ती लंपास केली. मग नट सोडून बरणीची झाकणं, गॅसच्या टाकीची चावी, मुलीच्या सायकलची मूठ, सगळीकडे पिवळं. मित्र त्याला रेघोट्याच म्हणायला लागले. "रेघोट्या, पायाची बोटं पण रंगवलीस का रे?" असं वेल्डर विचारायचा, आणि तो खरंच बूट काढायला लागायचा. आवळणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नाही, हाही नियम होता. तपासायचं काम तिचं.

मग ती सहल आली. वाट नेहमीचीच: चढ, खडक, मध्ये एक ओढा. तो सगळ्यांत पुढे होता. धुकं उतरलं होतं. ओढ्याच्या अलीकडे ट्रक थांबवून, पाणी किती आहे ते बघायला तो काठी घेऊन उतरला. मागचे दोघे पोचले तेव्हा इंजिन चालू होतं, दार उघडं होतं, वायपर फिरत होते. तो नव्हता. काठी मिळाली ती पाण्यापासून बरीच वर, दगडाला नीट टेकवून ठेवलेली. परत येताना घ्यायची असावी तशी. शोधपथक आलं, कुत्री आली, पाणबुडे आले. खालच्या धरणापर्यंत पाणी चाळून झालं. त्याचा बूटसुद्धा मिळाला नाही.

काळोख पडताना वेल्डरने ट्रकचं इंजिन बंद केलं होतं. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. "चालू ठेवायला हवं होतं," असं तो एकदा तिच्याजवळ बोलून गेला. "धुक्यात आवाजावर आला असता."

लेक तेव्हा शाळेत होती. आता तिच्या खिशात लायसन्स होतं.

तेव्हापासून दर वर्षी ते जात होते, लेकीला घेऊन. सहलच म्हणायचे. त्याचा ट्रकही न्यायचे. तो वेल्डर चालवायचा, आणि वेल्डरचा ट्रक वेल्डरचा धाकटा भाऊ. ओढ्याजवळ ट्रक उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं, दार उघडं टाकायचं आणि सगळ्यांनी लांब जाऊन थर्मासमधला चहा प्यायचा. का, ते कुणी कुणाला विचारत नसे. एकदा चहा पिताना तिने पाहिलं होतं. रिकामा ट्रक एका बाजूला किंचित झुकला आणि पुन्हा सरळ झाला, कुणी पायरीवर पाय देऊन आत चढावं तसा. जुनं इंजिन मध्येच एखादा ठोका गाळतं, त्याचा तो हिसका. कारण तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिची नजर ट्रकवरून हलली नव्हती.

बाकीचं वर्ष ट्रक या शेडमध्ये असायचा. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ती येऊन तो चालू करायची. सीट त्याच्या उंचीला मागे सरकवलेली होती. ती पुढे घ्यायची नाही, सीटच्या टोकावर बसून पायाच्या बोटांच्या टोकांनी क्लच दाबायची. आरसा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला होता. तिला त्यातून मागचं काही दिसायचं नाही, नुसती मागची सीट दिसायची. दर रविवारी ती ठरवायची की आरशात बघायचं नाही. आणि दर रविवारी बघायची.

आज शुक्रवार होता. उद्या सकाळी निघायचं, आणि या वेळी ट्रक लेक चालवणार होती.

"कर्रर्र" असा आवाज डोक्यावरच झाला. ट्रकखाली तिचा हात टॉर्चसकट आक्रसला.

"आई गं! ही सीट काय चिकटली होती!" लेक वरून ओरडली. "लाथ घालावी लागली. आता कसे पाय पोचतायत बघ."

"हळू, बाई, हळू," वेल्डरचा आवाज. "म्हातारा माणूस आहे तो. लाथा काय घालतेस?"

"काका, म्हाताऱ्यांनी जागा द्यायची असते."

"ऐकलंस का मास्तर? तुला बोलतेय."

"मला कशाला बोलेल? मी गणितात पास केलंय तिला," मास्तर म्हणाले. ते बॉनेटमध्ये डोकं घालून पट्टा ताणत होते.

ती फळीसकट बाहेर सरकली. बंपरला धरून उठली. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून तिने डॅशबोर्डचा खण उघडला. बाटली जागेवर होती. झाकण फिरेना. उजेडात धरून पाहिली तर तळाशी पिवळा खडा झाला होता आणि ब्रश त्यात रुतून बसला होता. या बाटलीतून कुणी रेघ मारली नव्हती, मारणं शक्यच नव्हतं. वाटायला हवं होतं बरं. पण आतून काहीतरी खचल्यासारखं झालं. नटापासून खणापर्यंतच्या त्या चार पावलांत आपण मनाशी काय धरलं होतं, ते तिला आत्ता कळलं.

"काय शोधतेस?" लेकीने विचारलं.

"काही नाही. मास्तर, जरा बाजूला होता का?"

डब्याचा वरचा बोल्ट बॉनेटमधून दिसतो. मास्तर सरकले, पण लगेच नाही. तिने टॉर्च आत धरला. इथेही पिवळी रेघ, इथेही सरळ. पण हा पिवळा निराळा होता, लिंबाच्या सालीसारखा, हिरवट झाक असलेला. तिने नखाने कडेची धूळ खरवडली. खाली जुनी रेघ तुटलेली होती.

"जरा स्टिअरिंग हलव," ती लेकीला म्हणाली. "डावीकडे. उजवीकडे. एवढं पुरे."

लेकीने चक्र फिरवलं. चाकं हलायच्या आधी डबाच हलला, चासीवर थोडासा उचलला गेला आणि पुन्हा बसला. दात हलावा तसा.

ती सरळ उभी राहिली. चिंधीला हात पुसले.

"ही रेघ कुणी मारली?"

 वेल्डर हातातला पाना उलटा करून बघायला लागला, जणू त्याच्यावर काही लिहिलं होतं.

"खालची मी मारली," तो शेवटी म्हणाला. "गेल्या सहलीहून आल्यावर. घरातल्या रंगपेटीतला रंग होता."

"आणि वरची?"

"वरची नाही, वहिनी. शप्पथ. वरचं मला माहीतच नाही." वेल्डरचा चेहरा पडला होता. त्याने ट्रककडे असं पाहिलं की त्याला काय म्हणायचंय ते ती समजली. त्याच्याही मनात तेच आलं होतं.

मास्तरांनी घसा खाकरला. "वरची माझी."

"तू पण?" वेल्डर म्हणाला.

"बॉनेट उघडलं, तर रेघ तुटलेली दिसली. दुकानातून डबी आणली. रंग जुळला नाही नीट."

लेकीला हसू फुटलं. "म्हणजे दोघं काका एकमेकांपासून लपूनछपून नटांना नेलपॉलिश लावत होता?" ते दोघेही हसले, वेल्डर तर डोळे पुसेपर्यंत. 

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही डोळ्यात तेल घालून काम करणारे. सैल नटावर रेघ? पाना हातात असून?"

"पाना लावला होता." वेल्डरचा आवाज खाली गेला. "लावला आणि काढला. आवळला की त्याची रेघ संपली, वहिनी. मग तिथे माझी लाल आली असती. या गाडीवरचा त्याचा एकही नट आजवर कुणी फिरवलेला नाही. बघा हवं तर. सगळं भोवतीचं केलं, त्याचं तसंच ठेवलं. म्हटलं, चालवणारा मी आहे, सांभाळून घेईन."

"आता मी चालवणार आहे, काका," लेक म्हणाली. तिने ते साधेपणाने म्हटलं, तक्रार म्हणून नाही.

"म्हणून तर आठवडाभर झोप नाही मला."

"मग बोलायचं."

"तुझी आई काही बोलली नाही. म्हणून आम्हीही नाही."

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं विचारायचं?" मास्तर म्हणाले.

खरं होतं. तिला सीट पुढे घेऊ का, असं तरी कुणी कसं विचारलं असतं?

वेल्डरने पाना बाकावर ठेवला. "मी काय म्हणतो, ही गाडी न्यायलाच नको. पोरगी माझ्या गाडीत बसेल. ही इथे राहू दे. आहे तशी."

"हो, ते बरं," मास्तर लगेच म्हणाले.

दोघांच्याही खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिने पाहिलं. तिचंही उतरलं. सीट मागे सरकवता येईल, रेघा तशाच राहतील, रविवारी येता येईल. किती सोपं. इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली.

"निदान इंजिन तरी ऐकते," लेक म्हणाली, "पट्टा एवढा ताणलाय मास्तरकाकांनी." आणि तिने किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं, धरलं, मग त्या ओळखीच्या लयीत चालू झालं. पत्रे थरथरायला लागले. लेक खाली उतरली, दार उघडं टाकून बाजूला येऊन उभी राहिली, आणि चौघेही न ठरवता ट्रकपासून चार पावलं मागे सरले. ओढ्याकाठी सरतात तसे. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

ट्रक किंचित झुकला. पुन्हा सरळ झाला.

"बाबा चढले," लेक पुटपुटली.

तिने वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

लेक ओशाळली. "काही नाही गं. असं वाटतं ना? मी लहान होते तेव्हापासून बघते. चहा पिताना तू गाडीकडे बघतेस ना, तेव्हा मीपण बघते. तू बघतेस म्हणजे येत असतील, असं वाटायचं." ती जराशी हसली. "आता नाही वाटत. म्हणजे, वाटतं. पण तुला वाटतं तोपर्यंतच."

 शाळकरी वयात ओढ्याकाठी उभी असलेली मुलगी, आपल्या आईच्या नजरेचं टोक धरून धुक्यात बघणारी. दर वर्षी. तिने सगळे नट तपासले होते. हे तपासायचं राहिलं होतं.

ती ट्रककडे गेली. पायरीवर पाय दिला तेव्हा ट्रक तसाच झुकला, आत्ता झुकला होता तसाच. आत बसली. लेकीने पुढे घेतलेल्या सीटवरून तिचे पाय नीट टेकले. आरसाही लेकीने वळवला होता; त्यात आता मागची सीट नव्हती. मागच्या काचेतून शेडचं दार दिसत होतं, दारातलं ऊन, आणि उन्हात कुणी नव्हतं.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

पत्रे थरथरायचे थांबले. शांतता इतकी पडली की गरम लोखंड निवताना होणारी टिकटिक ऐकू यायला लागली. ती थांबली. टिकटिक विरळ होत गेली. कुणी आलं नाही.

वेल्डर तिच्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं, जणू तिने काहीतरी पाडलं होतं आणि ते अजून खाली पोचायचं होतं.

ती उतरली, बाकावरचा पाना उचलला आणि लेकीच्या हातात दिला.  शब्द कधीचे तयार होते.

"तुझे बाबा आता परत येणार नाहीत," ती म्हणाली. "आवळ ते नट."