देवक बसेपर्यंत

कुंदाताई सोमवारी गेल्या, आणि बुधवार उजाडला तरी त्यांच्या सख्ख्या भाच्याला ते कळलेलं नव्हतं. कळलेलं नव्हतं म्हणजे काय, त्यानं कळू दिलं नव्हतं! हा रत्नाकर टेंभेकर काही अमेरिकेत नाही राहत. कमानिया गेटजवळ राहतो, आमच्या दीक्षितपुऱ्यातून चालत दहा मिनिटं.

मी जया, कुंदाताईंच्या समोरच्या दारातली. अठ्ठावीस वर्षांचा शेजार. सोमवारी त्या चक्कर येऊन पडल्या, मी ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथेच त्या गेल्या. रत्नाकरला फोन लावला. "अरे, तुझी आत्या..." एवढंच म्हटलं, तर फोन कट. परत लावला, तर बंद. मला वाटलं नेटवर्क नसेल. काय भोळी बाई मी!

शवगृहाच्या खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "मृतक से संबंध?" मी पड़ोसी म्हटल्यावर त्यानं पेन खालीच ठेवलं. "माताजी, रिश्तेदार के दस्तख़त लगेंगे. परसों दोपहर तक कोई नहीं आया तो नगर निगम ले जाएगा, लावारिस में."

लावारिस! चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं बाईनं, अर्ध्या सराफ्याला पाढे हिनं पाठ करून घेतले, आणि ही लावारिस? माझं डोकंच फिरलं.

बुधवारी सकाळी मी रत्नाकरच्या घरी जाऊन धडकले. दाराला तोरण, आत लाडवांची परात. शुक्रवारी मुलाची मुंज. दार उघडलं अमितानं, त्याच्या बायकोनं. मला पाहिलं आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. खरंच सांगते, कानांवर हात!

"काकू, बोलू नका! काहीच बोलू नका!"

"काहून गं?"

तेवढ्यात रत्नाकर बाहेर आला. चेहरा कसा, तर अगदी समजूतदार. "जयाकाकू, तुम्हाला तर शास्त्र माहीत आहे. सुतक ऐकल्यापासून लागतं. आम्ही काही ऐकलंच नाही. उद्या सकाळी देवक बसून राहिलं. एकदा देवक बसलं, की मग काहीही कळलं तरी मुंज अडत नाही. तुम्ही उद्या दुपारी सांगा ना. चलो, लाडू घ्या."

उद्या दुपारी सांगा! जशी काही मी हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आले होते. कुंदाताईंचं लग्न झालं असतं तर या लोकांचं थोडक्यात भागलं असतं. पण ती बिनलग्नाची, शेवटपर्यंत टेंभेकरच राहिली, म्हणजे सुतक पूर्ण दहा दिवसांचं. मेल्यावरही बाईनं आपलं लग्न न होण्याचा त्रास दिला, असा भाव त्याच्या तोंडावर होता.

"आज दोन वाजता निगमची गाडी येऊन राहिली," मी म्हटलं. "येऊन सही कर, अग्नी दे. मुंजीला दुसरा मुहूर्त मिळेल रे."

"कोणाची गाडी? मी नाही ऐकलं." त्यानं अमिताकडे पाहिलं, आणि त्या शहाणीनं स्वयंपाकघरात जाऊन रिकामा मिक्सर घुर्रकन चालू केला. या माणसाच्या बारशाला "रत्नाकर" हे नाव कुंदाताईंनीच त्याच्या कानात सांगितलं होतं. लाज नावाची चीज नाही! मी मिक्सरपेक्षा मोठ्यानं ओरडू शकले असते. पण तो आपल्या पायानं येईल, अशी मला वेडीला अजून आशा होती. मी तशीच परत फिरले.

दोन वाजले. आला नाही.

गाडीबरोबर निगमचा विष्णू होता. रोजचंच काम त्याचं, मला वाटलं उरकून टाकेल. पण त्यानं कुंदाताईंच्या अंगावरची चादर नीट केली, मला पुढे बसवलं, वाटेत थांबून स्वतः फुलं घेतली. ग्वारीघाटावर चिता रचली. पंडितजींनी नाव विचारलं, मग गोत्र.

गोत्र मला कुठून ठाऊक असणार? विष्णू हळूच म्हणाला, "पता न हो तो हम कश्यप बोल देते हैं, दीदी. लावारिसों का वही चलता है."

"काहून चलेगा?" मी कडाडले. "इनका गोत्र जिसको पता है, वो अभी ज़िंदा है!"

माझा फोन तो उचलणार नव्हता, म्हणून विष्णूच्या फोनवरून लावला. स्पीकरवर विष्णूच बोलला, "भैया, गोत्र बता दीजिए, पंडितजी को चाहिए." यात खोटं काही नव्हतं, पंडितजी खरंच ताटकळत उभे होते. रत्नाकरला वाटलं मुंजीचं काम. काय उत्साह त्याचा! "भारद्वाज! टेंभेकर, भारद्वाज गोत्र! लिख लिया?"

"लिहिलं," मी म्हटलं. "कुंदा त्र्यंबक टेंभेकर, भारद्वाज गोत्र. तुझी आत्या गेली रे, रत्नाकर. मी जया, ग्वारीघाटावरून बोलून राहिली. चिता तयार आहे. तू येत असशील तर थांबतो आम्ही."

मग म्हणतो, "हॅलो? हॅलो? आवाज कटून राहिला."

मागून अमितानं विचारलं, "अहो, कोण आहे?"

"राँग नंबर."

पण फोन त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही, तसाच चितेकडे धरून उभी राहिले. पंडितजींनी नाव आणि गोत्र खणखणीत उच्चारलं. विष्णूनं अग्नी दिला. लाकडं तडतडायला लागली. पलीकडून श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं फोन बंद झाला.

गुरुवारी देवक बसलं, शुक्रवारी मुंज थाटात झाली, चारशे पानं उठली म्हणे. अमितासाठी तो राँग नंबरच होता; मुंज सुतकात झाली, हे त्या घरात एकट्या रत्नाकरला ठाऊक आहे.