रेश्माचा मायक्रोवेव्ह

जांबे गावातली शेती गेली आणि कुशाबाच्या रानात भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आता खोल्या सगळ्या भरलेल्या आणि म्हातारा घरात एकटा. बायको गेली. लेक किशोर काही सातासमुद्रापार गेलेला नाही, हिंजवडीच्या टॉवरात राहतो. गच्चीवर उभं राहिलं की त्याच्या बिल्डिंगचे दिवे दिसतात. पण मधे ट्रॅफिक आहे ना, त्या ट्रॅफिकच्या नावावर त्यानं कितीतरी रविवार खपवले. शेवटी रोज संध्याकाळी आठला व्हिडिओ कॉल करायचं ठरलं, आणि कुशाबा दुपारपासूनच काय काय बोलायचं ते मनात जुळवू लागला.

पण बोलणं कसलं होतंय? कॉल लागला, ‘जेवलास का’ झालं, की भिंतीपलीकडं घुर्र सुरू व्हायचं आणि इकडं किशोरचं तोंड वेडंवाकडं थिजायचं. घुर्र थांबेपर्यंत किशोरनं फोन ठेवलेला असायचा. कुशाबाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पलीकडच्या खोलीत रेश्मा राहायची. आठला कंपनीची कॅब तिला सोडायची आणि ती आल्या आल्या डबा गरम करायला लावायची. एके दिवशी म्हाताऱ्यानं तिला अडवलंच. “पोरी, तुझ्या त्या पेटीचं आन् माझ्या फोनचं काय वैर हाय?”

रेश्मानं आत येऊन राउटर पाहिला. “काका, हा नेमका माझ्या ओट्यामागं लावलाय. वायफाय ज्या लहरींवर चालतं, तसल्याच लहरी मायक्रोवेव्हमध्ये असतात. त्यातल्या थोड्या बाहेर येतात आणि तुमचं नेट गंडतं.” राउटर हलवावा, तर वायर आखूड. मग तीच म्हणाली, “राहू द्या. तुमचं बोलणं होईपर्यंत मी थांबत जाईन.”

कुशाबाचा जीव भांड्यात पडला. खोलीत रेंज नसायची, म्हणून गच्चीवर जाऊन त्यानं किशोरला साधा फोन लावला. “तुझा दोष न्हाई, माझा बी न्हाई. रेश्माचा मायक्रोवेव्ह हाय त्यो.” रेश्मा थांबणार हे मात्र पोटातच ठेवलं. उद्या पोरगं चकित होईल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी चित्र कसं लख्ख आलं. किशोरच्या मागचा पंखासुद्धा दिसत होता. कुशाबा खुलला. गुडघ्याचं सांगितलं, पौडच्या तहसील कचेरीतल्या हेलपाट्यांचं सांगितलं, मग हळूच विचारलं, “तुज्या आयचं वर्षश्राद्ध हाय पुढल्या आठवड्यात. येशील न्हवं?”

किशोरनं नजर वळवली. “हॅलो? आबा? आवाज येत नाही. तुम्ही अडकलाय. लागला वाटतं तिचा मायक्रोवेव्ह.”

मागचा पंखा गरगर फिरत होता. किशोरचा अंगठा पुढं येताना कुशाबाला नीट दिसला, आणि फोन बंद झाला.

भिंतीपलीकडं चिडीचूप होतं. तो बाहेर आला, तर रेश्मा पायरीवर बसलेली, मांडीवर गार डबा. “झालं काका? आज नीट दिसलं ना?”

“लई नीट दिसलं,” कुशाबा म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि परक्या पोरीपुढं रडायची लाज वाटत होती. “उद्यापास्नं तू आल्या आल्या गरम करत जा.”

“पण मग कॉल तुटेल.”

“तुटू दे. मायक्रोवेव्हनं तुटंल.”

दुसऱ्या दिवशी आठला किशोर दिसला. “जेवलात का आबा?” म्हणाला, तेवढ्यात पलीकडं घुर्र सुरू झालं. किशोरचा चेहरा थिजला, पण आज तो थोडा हसताना थिजला होता. कुशाबानं फोन जवळ धरला आणि त्या चेहऱ्याला श्राद्धाची तिथी सांगितली. स्वयंपाकाला कोण येणार ते सांगितलं. तुझ्या आईला तुझी लई आठवण यायची, हेही सांगितलं. किशोर हसत ऐकत होता. मायक्रोवेव्ह इतक्यात थांबू नये, एवढंच कुशाबाला वाटत होतं.