दोन बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. खिडकीत बसून घरभर वारा सोडणारा तो नव्हे. मी कॉम्प्युटरच्या पोटातला. कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, काम करताना भलताच तापतो. मी त्याच्या डोक्यावर बसायचो, पण मिरे वाटायला नव्हे. माझ्या पंपातून पाणी निघायचं, दोन काळ्या नळ्यांतून धातूच्या जाळीत जायचं, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवायचं आणि परत यायचं. उष्णता यायची, निघून जायची. माझ्याकडे काही उरायचं नाही. आजही फारसं उरलेलं नाही, तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातलं एवढंच आठवतं, की माझ्यात पाणी भरलं आणि तोंड कायमचं बंद केलं. भरताना थोडी हवा आत राहते. सगळ्यांच्यातच राहते. मग खोका, अंधार आणि दुकानातलं फडताळ.

तिथून मला एका लेकीने आणि तिच्या बाबांनी निवडलं. लेक अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिची खोली एवढीशी, टेबल त्याहून लहान, आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा तिच्या प्रत्येक वाक्यामागे घरघरायचा. बाबा सुतार. नव्या कॉम्प्युटरसाठी लाकडाची छोटी पेटी ते स्वतः करणार होते. त्यांचा आवाज तेव्हाच बसलेला होता. महिन्याभरात घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याआधी लेकीला त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं होतं. म्हणून सगळी घाई.

दुकानातल्या बाईंनी तीन कूलर मांडले. पहिला नुसत्या पंख्याचा आणि उंच, तो पेटीत मावला नसता. दुसऱ्याची जाळी हातभर लांब. तिसरा मी.

"काका, जाळी सत्तावीस मिलिमीटर जाड, त्यावर पंखा पंचवीस. बावन्न धरा," बाई म्हणाल्या. "आणि वर थोडी जागा सोडा. नळ्यांना वळायला लागते."

"बावन्न म्हणजे बावन्न," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्या सांध्यात कागद जात नाही, बाई."

"बाबा, त्या जागा सोडा म्हणतायत."

"अगं, फट ठेवली तर लोक म्हणतील, सुतार म्हातारा झाला."

पेटी देखणी झाली. चार दिवस घासून घासून तिच्या कडा त्यांनी गुळगुळीत केल्या होत्या. फक्त माप त्यांनी जाळीचं घेतलं होतं, नळ्यांच्या वळणाचं नाही. जाळी वरच्या फळीखाली बसवायची होती, पण तिथे नळ्या वाकेनात. दोन बोटं जागा हवी होती. शेवटी लेकीने जाळी तळाला बसवली. बसलो एकदाचा. पण हवा वर चढते, आणि सगळ्यात वर आता माझा पंप होता. कारखान्यातली ती उरलेली हवा पंपात येऊन बसली आणि मी बुडबुडायला लागलो. शांत म्हणून आणलेला मी.

लेकीने हेडफोन लावले आणि तिला ऐकू आलं. माझ्यासोबतचं माहितीपत्रक वाचल्यावर कारणही कळलं. करवतीशेजारी जन्म गेल्यामुळे बाबांचे कान मंदावलेले, त्यांना काही ऐकू आलं नाही. ते पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत उभे होते.

"कशी झालीय?"

"एक नंबर," ती म्हणाली.

ऑपरेशनआधीचं त्यांचं ते शेवटचं काम होतं. त्यात चूक आहे, हे सांगणं तिच्या जिवावर आलं. ती मूग गिळून बसली.

पुढच्या आठ दुपारी बाबा बोलले. माईक लांब नेला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं, म्हणून तो टेबलावरच राहिला. रंध्याचं पातं कसं घासायचं, कुठलं लाकूड दमट हवेत फुगतं, लहानपणी लेक त्यांच्या कानावरची पेन्सिल कशी पळवायची. मध्येच खोकायचे, पाणी प्यायचे.

"पोरी, होतंय ना नीट?"

"होतंय, बाबा."

मी बुडबुडत होतो. मला लाज वाटली, असं इथे म्हणायला हवं. वाटली नाही. मी फक्त प्रोसेसर थंड ठेवत होतो.

ऑपरेशन झालं. बाबा पाटीवर लिहायला लागले. लेकीने रेकॉर्डिंगमधून मला पुसायचा प्रयत्न केला, पण मी जितका जायचो तितका त्यांचा आवाजही जायचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. तिने तो नाद सोडला. रडली नाही. शाळेची पुस्तकं माईक लांब, दाराशी नेऊन वाचू लागली. माझं कौतुक कोणी केलं नाही आणि मला टाकूनही कोणी दिलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग माझा पंप झिजून बंद पडला. लेक नवा कूलर घेऊन आली. बाबांनीच पेटी उघडली आणि मला टेबलावर काढून ठेवलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच आपलं बोलणं ऐकायला मागितलं. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी पाटी ओढली.

"ही बुडबुड कसली?"

लेकीने माझ्याकडे बोट केलं. "वर जागा नव्हती, बाबा. दोन बोटं कमी पडली."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पेटीवरून अंगठा फिरवत होतात."

बाबांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, "एका दिवसाचं काम होतं गं."

लेक त्या दिवशी रडली. तीन वर्षांचं सगळं रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेटी दोन बोटं उंच झाली. नवा कूलर त्यात चूपचाप चालतो. मी बाबांच्या कामाच्या खोलीत, रंध्यांच्या फळीवर पडून आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्याला निवडताना नळ्यांच्या वळणाचंही माप घ्या. आणि आपल्या माणसाच्या कामात चूक दिसली, तर सांगून टाका. त्याला वाईट वाटेल, पण तो दुरुस्त करेल. वेळ असतो तोवरच ते जमतं.

बाबा रोज दुपारी इथे बसून हेडफोन लावतात. त्यात ते बोलतात आणि मागे मी बुडबुडतो. परवा ऐकता ऐकता त्यांनी हात लांब करून माझ्यावरची धूळ पुसली. तेव्हा पहिल्यांदा मला वाईट वाटलं.