बिब्बा नव्हता तो

"बिब्बाच उतला हाय! मले नको शिकवू. दहावी झाली नाई अन् मोठा डाक्टर लागून गेला!" बापूराव खेकसला. त्याच्या हातात कोमट खोबरेल तेलाची वाटी होती.

"बाबा, तेल नका लावू म्हनलं ना!" संघपालनं वाटी हिसकली. अर्धं तेल भुईवर सांडलं.

खाटेवर संघपालचा मोठा भाऊ कुलदीप पडला होता. डोळे सुजून बंद, काखेत अन् जांघेत पिवळ्या पाण्याचे टरारलेले फोड. या घरात फोडांचं काय नवल? जंगलातून बिब्बे आणून फोडाचे, तं दरसाली कोणाले ना कोणाले उतेच. तेल चोपडाचं अन् गप पडून राहाचं. सकाळपासून बापूरावानं दोनदा चोपडलं होतं.

पण संघपालची नजर घारीची. बिब्ब्याचा चीक लागला का कातडीवर काळा डाग पडते. इथी डाग कुठी? अन् बिब्ब्यानं माणसाचा गळा बसते काय? कुलदीप तं छाती धरून खोकून राह्यला होता.

"दादा, खरं सांग. काल भंगाराच्या दुकानात काय कापलं?"

"जुना लोखंडी डबा..." कुलदीपचा आवाज फाटला. "तेलासारखं उडालं पँटीवर. लसणावानी वास. जळलं नाई, दुखलं नाई. मंग पुसलं अन् आलो घरी."

संघपालनं सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईले स्पीकरवर फोन लावला, सारं सांगतलं. लसणाचा वास म्हणताच बाईंनी त्याले मधातच तोडलं.

"तेल लावू नका, विष पसरेल. हे लढाईतलं रसायन असू शकतं. लागल्यावर कितीतरी तास कळतच नाही. त्याला उतारा नाही रे. कातडी भरून येते, पण फुप्फुसात उतरलं तर माणूस जातो. साबणानं धुवा त्याला, उघड्या हातानं नको. गाडी पाठवते. ती पँट कुठे आहे?"

बापूराव आपले लालबुंद तळहात पाहत खाली बसला.

"तुही माय घेऊन गेली नाल्यावर, धुवाले. कुलदीपची पोरगी रिनाही गेली संगं. पाण्यात खेळतो म्हने."

संघपालनं फोन बापाच्या मांडीवर टाकला.

"तुमी बोला बाईसंगं. मले आता निघा लागते."