पाचवा भाग

वर्ष सरायला चार दिवस उरले की बाईंची वही कपाटावरून खाली उतरायची. एकतीस वर्षांचा नेम होता तो. वर्षभरात वाचलेल्यांपैकी मनात घर करून राहिलेली पुस्तकं निवडायची, एकेकावर चार-पाच ओळी लिहायच्या, खाली रेघ मारायची आणि वही पुन्हा वर. नियम दोनच. जे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही त्याला वहीत जागा नाही, आणि कुठल्याही पुस्तकाचा शेवट वहीत लिहायचा नाही. वही दुसरं कोणी उघडून बघणार नव्हतं, तरीही नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी जन्म काढला होता आणि तिथली मुलं त्यांना पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणायची, ते काही उगाच नाही.

पान दुमडणाऱ्याची बाई गय करत नसत. कोणी पुस्तक पालथं घालून उठलं तर नुसत्या बघायच्या, तेवढ्यानं माणूस परत बसायचा. आणि अशा बाईंनी या वर्षी आपण होऊन सहा पुस्तकं कापून घेतली होती. बाइंडर जुन्या ओळखीचा. पहिलं पुस्तक पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, “याचे पाच भाग करा,” तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला.

“बाई, तब्येत बरी आहे ना?”

“बरी नाही, म्हणूनच कापायचंय,” बाई म्हणाल्या.

खरंच होतं ते. मूत्रपिंडांनी वर्षाच्या सुरुवातीलाच हात वर केले आणि सोमवार-गुरुवार डायलिसिस मागे लागलं. आधी वजन करायचं, मग खुर्चीत बसायचं, डाव्या हातात दोन सुया, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. राहिला उजवा. एका हातात जाडजूड कादंबरी किती वेळ पेलणार? दुसऱ्याच आठवड्यात ती हातातून निसटली, मांडीवरून घसरली आणि शेजारच्या खुर्चीखाली गेली. शेजारचा माणूसही नळ्यांना बांधलेला. तो वाकू शकत नव्हता, पण गप्प बसेल तर शपथ.

“बाई, तुमच्या पुस्तकाला ब्रेक नाहीत वाटतं.”

तो निवृत्त बसड्रायव्हर होता, सगळे त्याला दादा म्हणायचे. शाळा सुटल्यापासून पाट्या आणि वेळापत्रक सोडून त्यानं काही वाचलेलं नव्हतं. पण चार तास छताकडे बघून माणूस करणार काय? बाईंनी पुस्तक कापून आणलं, पुठ्ठा लावलेला पहिला भाग वाचून संपवला आणि दादांकडे सरकवला. तिथून ती रीतच पडली. बाई पुढे, दादा एक भाग मागे. प्रत्येक भागाच्या आत बाईंनी आपला नाव-पत्त्याचा शिक्का मारला होता. सवय जाते कुठे? दादा राहिलेला भाग घरी नेऊन संपवायचे आणि पुढच्या खेपेला परत आणायचे. एक भाग पुरता वाचून झाल्याशिवाय दुसरा हातात मिळायचा नाही. हाही बाईंचाच नियम.

आता वही उघडून बाई बसल्या होत्या, तर प्रत्येक पुस्तकात दादाच बोलत होते. तीन बहिणी आणि एका शिलाई मशीनची कादंबरी बाईंना वर्षातली सर्वांत नेटकी वाटली होती. दादांचं मत, धाकटीला पहिल्याच पानावर एक ठेवून दिली असती तर पुस्तक चाळीस पानांत आटोपलं असतं. रहस्यकथेचा तर त्यांनी पार निकाल लावला. औषधाच्या कागदामागे गावाचे रस्ते काढले आणि खुनी संध्याकाळच्या गर्दीत वीस मिनिटांत पुलापलीकडे पोचूच शकत नाही, हे सिद्ध केलं. “लेखक कधी गाडीत बसला नसेल,” ते म्हणाले. कवितांचं पुस्तक बघून त्यांना एवढंच वाटलं, की पानावर इतकी जागा मोकळी सोडलीय तर तिकडे दुसरं काहीतरी छापायचं. पण त्यातली एक ओळ त्यांनी सिस्टरला तीनदा म्हणून दाखवली.

आणि वाळवंटातून चालत गेलेल्या माणसाचं प्रवासवर्णन. ते वाचताना दोघांनाही दिवसाला मोजून दोन पेले पाण्याची परवानगी होती. तो प्रवासी पानापानावर विहीर शोधत होता आणि इकडे यांची जीभ टाळूला चिकटत होती. “हा आपल्यातलाच आहे हो,” दादा म्हणाले होते. बाईंनी त्या पुस्तकावर चार सुंदर ओळी लिहिल्या, वाळूच्या वर्णनाबद्दल, भाषेबद्दल. मग त्या खोडल्या आणि दादांचं वाक्य लिहिलं. याहून खरं काही त्यांना सुचणार नव्हतं.

सहाव्या पुस्तकाशी मात्र पेन अडलं. वर्षातलं सर्वांत आवडतं तेच होतं, आणि त्याच्याविषयी एक अक्षर उमटेना.

घाटातल्या एका खानावळीची ती कादंबरी. भावाशी भांडण होतं, भाऊ निघून जातो आणि बहीण खानावळ चालवत त्याची वाट बघत राहते. दर प्रकरणात एक नवा वाटसरू येतो, जेवतो, आपली कथा सांगतो, जातो. एवढंच. पण दादांना त्या बहिणीनं वेड लावलं. खुर्चीत बसल्या बसल्या सिस्टरला विचारायचे, “आज येईल का हो तो?” सिस्टर बिचारी नव्या डॉक्टरांची वाट बघत असायची, ती म्हणायची, “येतील, येतील.”

एका गुरुवारी बाईंचा पाचवा, शेवटचा भाग वाचून संपला. दादांच्या हातात चौथा होता, निम्माअर्धा व्हायचा होता. सुया काढून झाल्या, पट्ट्या लागल्या, तेव्हा दादा म्हणाले,

“आला का हो भाऊ?”

“सांगणार नाही. वाचा.”

“मग तो शेवटचा भाग द्या तरी. सोमवारपर्यंत धीर निघायचा नाही.”

“आधी हातातला संपवा.”

“बाई, एवढं काय ते! एका शब्दात सांगा. आला की नाही?”

“दादा, पुस्तक कुठे पळून चाललंय?” बाई म्हणाल्या आणि पाचवा भाग त्यांनी पिशवीत टाकला.

सोमवारी बाई तो भाग घेऊन गेल्या. शेजारची खुर्ची मोकळी होती. सिस्टरनं सुई टोचायच्या आधी त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि मग सांगितलं. दादा रविवारी पहाटे झोपेतच गेले.

पुस्तक पळून गेलं नव्हतं. पिशवीत तसंच होतं, ऐंशी पानांचं, पुठ्ठा लावलेलं. बाईंनी आयुष्यात हजारो पुस्तकं दिली-घेतली, पण न दिलेलं एक पुस्तक असं छातीवर बसेल हे त्यांना कधी वाटलं नव्हतं. मरणाची का कोणाला आगाऊ वर्दी असते, असं त्या स्वतःला समजावत. पण त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला वर्दी मिळालेलीच होती. ते ठाऊक असून त्यांनी नियम धरून ठेवला. एक शब्द मागितला होता त्या माणसानं, आणि तोही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. वही पुढ्यात घेऊन बाई तशाच बसून होत्या, एवढ्यात दारावर थाप पडली.

बाहेर एक सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी. “मी ड्रायव्हरची बायको,” ती म्हणाली. “पुस्तकात तुमचा पत्ता होता. ह्यांच्याकडं राहिलं होतं ना.”

“या वहिनी, आत या.”

वहिनींनी चौथा भाग काढून टेबलावर ठेवला. तो वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेला होता. बाईंनी तो उघडायचं धाडस केलं नाही.

“मला वाचता येत नाही हो फारसं,” वहिनी म्हणाल्या. “पण सगळी पुस्तकं मला पाठ आहेत. मी कपड्यांच्या घड्या घालायची आणि हे शेजारी बसून सांगायचे. त्या तीन बहिणी, तो वाळवंटातला. ही खानावळवाली तर माझी मैत्रीणच झाली होती. शनिवारी संध्याकाळी मीच मागे लागले, आता पुरे झालं, भाऊ आला का ते सांगा. तेव्हा मग त्यांनी शेवट सांगितला.”

दिवसाच्या दोन पेल्यांतला उरलेला घोट बाईंनी घेतला.

“काय सांगितला?”

“भाऊ आला की! शेवटच्या बसनं आला. धुकं पडलं होतं. बसचा थांबा लांब, पार वळणापलीकडं. पण ड्रायव्हरनं गाडी थेट खानावळीच्या दारातच उभी केली. हॉर्नसुद्धा दिला नाही, नुसते दिवे लावून थांबला. म्हणाला, उतरा, घर आलं.” वहिनींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. “ताई, मी आले ती खरं तर हेच विचारायला. पुस्तकात असंच आहे ना?”

बाईंनी गुंडाळलेला चौथा भाग जरा जवळ ओढला.

“नाही, म्हणजे ह्यांना चेष्टा करायची खोड होती, म्हणून विचारते. आणि थांबा सोडून गाडी थांबवायची गोष्ट ह्यांच्या तोंडून! तीस वर्षांत कधी थांबवली नाही. माझी आई गेली त्या दिवशी मी ह्यांच्याच गाडीत होते. माहेरचं दार रस्त्यालगत, दारात माणसं जमलेली दिसत होती. मी म्हटलं, थांबवा. नाही थांबवली. पुढच्या थांब्यावर उतरवलं आणि मी भर उन्हात मागे पळत आले. मी पुन्हा तो विषय कधी काढला नाही. त्यांनीही नाही.”

‘हो, असंच आहे’ म्हणणं सोपं होतं. वहिनी समाधानानं घरी गेल्या असत्या. पण मग ती बस लेखकाची झाली असती.

“वहिनी,” बाई म्हणाल्या, “पुस्तकात भाऊ येत नाही.”

“येतच नाही?” वहिनींनी विचारलं.

“एक दिवस सकाळी ती चूल पेटवत नाही. दाराला कडी घालते आणि घाट उतरून जाते. तिथं पुस्तक संपतं. त्यात बस नाही, ड्रायव्हर नाही. पुस्तकभर कुठेही बसचं नाव नाही. ते दादांचं आहे. तुमच्यासाठी.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुठल्या पुस्तकाचा शेवट कोणाला सांगितला होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून त्यांनी साधा प्रश्न विचारला.

“म्हणजे ह्यांना खरा शेवट कळलाच नाही?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी विचारला होता मला. दोनदा. मी सांगितला नाही. पुस्तकसुद्धा दिलं नाही.”

“का हो?”

नियम होता म्हणून, असं त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचा नवरा एका थांब्यासाठी आयुष्यभर मनात कुढला होता.

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

वहिनींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “असू द्या. सांगितला असतात तर माझी बस दारात थांबली नसती.” वहिनी मनानं मोठ्या, म्हणून असं बोलल्या. बाईंना ते पटलं नाही. दादांना दोन्ही शेवट मिळायला हवे होते.

वहिनी गेल्यावर बाईंनी चौथा भाग उघडला. शेवटून तिसऱ्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. बाईंनी तो सरळ केला नाही. वहीत त्यांनी पुस्तकाचं नाव लिहिलं, पुढे दोन्ही शेवट लिहिले आणि खाली रेघ मारली नाही.

सोमवारी शेजारच्या खुर्चीत एक नवी बाई होती, बेकरीत कामाला असलेली. पहिलाच दिवस. नळीतून जाणारं आपलंच रक्त बघून तिचा चेहरा उतरला होता. कुठे तरी बघायचं म्हणून तिनं बाईंच्या मांडीवरच्या, खानावळीच्या कादंबरीच्या पाच भागांकडे बघितलं.

“एवढं मोठं पुस्तक?” ती म्हणाली. “काय होतं हो शेवटी?”

“दोन शेवट आहेत,” बाई म्हणाल्या. “आधी छापलेला सांगते, मग ड्रायव्हरदादांचा.” आणि उजव्या हातानं पहिला भाग तिच्या खुर्चीकडे सरकवत त्यांनी सांगायला सुरुवात केली.